खुडायची राहिलेली फुलं

इसोए: आता डबा उपडा करते. श्वास रोखून धर, आणि बोलू नकोस.

कोनात्सु: मी कुठे बोलतेय, मावशी.

इसोए: हे काय मग? तुझ्या फुंकरीने पाकळी उडते. मागच्या डब्याचं तेच झालं.

कोनात्सु: मागच्या डब्याच्या वेळी तुम्ही शिंकलात.

इसोए: मी शिंकले, कारण तू बोलत होतीस. चाळणी धर. वाळू आपोआप गळू दे, हलवू नकोस. हं, दिसलं बघ. देठाला हात लावायचा नाही, खालून तळहातावर घे.

कोनात्सु: अख्खं आहे, मावशी. सहाच्या सहा पाकळ्या आहेत. लाल रंगही राहिलाय थोडा. मी म्हणत होते ना, वाळेल म्हणून?

इसोए: मोज पुन्हा.

कोनात्सु: सहा. नाही, पाच. थांबा, चार.

इसोए: तीन. आता देठच उरला. तो खोव अंबाड्यात.

कोनात्सु: अजून एक डबा आहे ना, पिवळ्या फुलांचा?

इसोए: तो मी सकाळीच उघडला. त्यातल्या पाकळ्यांपेक्षा कांद्याची सालं बरी दिसतात. मे महिन्यात बादलीभर ट्यूलिपची मुंडकी घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हाच सांगितलं होतं तुला. म्हटलं, हे फूल वाळत नाही. तू म्हणालीस, एकदा बघू. बघितलं. दीड महिना माझी चांगली वाळू अडकवून बघितलं. आता जून संपत आला, ऑक्टोबरात तुझं लग्न. केसांसाठी वाळवायची फुलं आत्ताच कापून टांगायला लागतात, तेव्हा काय ते आज ठरव.

कोनात्सु: तुम्ही रागावलात.

इसोए: मी रागावले की चहा देत नाही. तुझ्यापुढे चहा आहे. चल, इकडे ये दोरीपाशी. डोळे मीट.

कोनात्सु: फुलं निवडायची आणि डोळे मिटून?

इसोए: आधी ऐकायचं, बघायचं मागाहून. ताजं फूल कानाशी धरायचं आणि दोन बोटांत हलकेच चोळायचं. खसखसलं, तर ते वाळेल. गप्प राहिलं, तर त्याच्या पोटात पाणी आहे, ते कुजेल. हे काय म्हणतंय?

कोनात्सु: कागदासारखं वाजतंय. कुणी भेट दिलेली पुडी उघडताना वाजते ना, तसं.

इसोए: हे कागदफूल. हे जन्मालाच वाळून येतं. आठ दिवस उलटं टांग, मग ऑक्टोबरात घाल नाहीतर नातीच्या लग्नात घाल. आणि हे?

कोनात्सु: हे जरा बारीक. करकर.

इसोए: बटणफूल. याचा रंग जात नाही. हे बारीक पांढऱ्या फुलांचं जिप्सो, हे तर कुठेही बसव, कुरकुर करत नाही. गुलाबही देईन, पण अर्धा उमललेला. पूर्ण उमलला की तो वाळवण्याच्या कामातून गेला. आणि दारात निळ्या गुच्छांची अजिसाई फुललीय ना, ती आत्ता मागू नकोस. आत्ता कापली तर काळी पडते. सप्टेंबरपर्यंत झाडावरच म्हातारी होऊ द्यायची, मग ती वर्षानुवर्षं टिकते. उघड डोळे. कशी आहेत?

कोनात्सु: छान आहेत.

इसोए: 'छान आहेत' म्हणजे नकोत. एक्केचाळीस वर्षं नवरीचे केस बांधतेय मी. 'छान' म्हणणारी पोरगी घरी जाऊन रडते. आता खरं सांग. जगातली झाडून सगळी फुलं सोडून ट्यूलिपच का? त्यांचा तर शेतातही कुणी मान ठेवत नाही.

कोनात्सु: म्हणूनच, मावशी.

इसोए: म्हणूनच म्हणजे?

कोनात्सु: मी कोबेची. तिथे आम्ही चष्म्याच्या दुकानात काउंटरवर तीन ट्यूलिप ठेवायचो, तर गिऱ्हाईक थांबून बघायचं. शूहेईने पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा एप्रिल होता. गाडीतून उतरले आणि समोर अख्खं शेत लाल. मला वाटलं, या घरात प्रत्येक खोलीत फुलं असतील. आत गेले तर एक नाही. देव्हाऱ्यात आजोबांच्या फोटोपुढेसुद्धा प्लॅस्टिकची. मी आपलं म्हटलं, एक फूल आणून ठेवू का त्यांच्यापुढे?

इसोए: तोकुजीला म्हणालीस हे? पहिल्याच दिवशी?

कोनात्सु: मला काय माहीत. शूहेईचे बाबा म्हणाले, "घरात फूल आणायचं नाही. फूल म्हणजे कंदाच्या तोंडचा घास."

इसोए: बरोबर बोलला. ते कंद विकतात, फुलं नाही. फूल राहिलं की कंद पोसत नाही. रंग तपासून झाला की मुंडकं मोडायचं आणि सरीत टाकायचं. दोमोतोंच्या घरी तीन पिढ्या हेच चाललंय.

कोनात्सु: कळलं मला ते नंतर. मेच्या पहिल्या आठवड्यात खुडणीला गेले ना मी. सगळं घर गेलं होतं. मला रस्त्याकडेची सरी दिली.

इसोए: मग?

कोनात्सु: नाही सांगत.

इसोए: चहा काढून घेईन.

कोनात्सु: खुडली मी. शेकड्याने खुडली, अंगठा हिरवा झाला. शेवटी ती पांढऱ्यावर जांभळ्या रेघांची आली. तेवीस होती. मावशी, ती माझ्याच्याने मोडवेनात. मग मी ती खाली वाकवली, पानांमध्ये लपवली आणि बांधून टाकली.

इसोए: कशाने बांधलीस?

कोनात्सु: केसांच्या रबरांनी. पिशवीत एक पाकीट होतं नवं.

इसोए: हसू दे मला. थांब, चाळणी खाली ठेवते आधी. रस्त्याकडेच्या सरीत? जिथून सगळं गाव सायकलवरून जातं? अगं, ट्यूलिप वाकवलं तर रात्रीतून मान वर काढतं.

कोनात्सु: हो, काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही कोबेला निघालो तेव्हा गाडीतून दिसलं. सगळा वाफा हिरवा, आणि त्यात तेवीस जणी पानं अंगावर घेऊन ताठ उभ्या. मी खिडकीची काचच वर केली. शूहेईला अजून सांगितलेलं नाही. पण बाबांनी पाहिलं असणार. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी फोनवर म्हणते, "बाबा, कसे आहात?" तर म्हणतात, "हं." म्हणते, "पाऊस झाला का?" तर, "हं."

इसोए: तो सगळ्यांशीच 'हं' बोलतो. त्याच्या बायकोने, कियोनोने, सदतीस वर्षं त्या एका 'हं'वर संसार केलाय.

कोनात्सु: हे वेगळं आहे. परवा शूहेई म्हणाला, लग्नाच्या शेवटी पाहुण्यांपुढे वराच्या वडिलांनी चार शब्द बोलायचे असतात, ते बाबा बोलणार नाहीत. "धाकट्या काकाला सांग" म्हणाले. मावशी, मुलाच्या लग्नात बाप उभा राहात नाही, म्हणजे सून पसंत नाही असाच अर्थ होतो ना? मला एवढंच हवं होतं, की त्यांचं फूल माझ्या केसात दिसावं. म्हणजे त्यांना कळेल, मी त्यांच्या घराला नावं ठेवायला आलेली नाही. मला ते आवडलंय म्हणून आलेय.

इसोए: हे त्याला का नाही सांगितलंस?

कोनात्सु: मी बोलायला लागले की ते गमबूट घालतात आणि शेतात जातात. मावशी, ती गाडी बघा. ती पांढरी. बाबांची आहे.

इसोए: पांढरी छोटी मालगाडी आपल्या तोनामी गावात सगळ्यांकडेच असते.

कोनात्सु: आतल्या आरशाला हातमोजे वाळत घातलेत. त्यांचीच. इकडेच वळली. मी आत जाते. मी आलेच नव्हते म्हणून सांगा.

इसोए: अगं, वाळवणाच्या खोलीत कुठे? बरं जा, पण वाकून उभी राहा. वरच्या जुड्यांना डोकं लागलं तर महिन्याची मेहनत जाईल माझी.

(कोनात्सु पडद्याआड जाते. तोकुजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी छातीशी धरून आत येतो.)

तोकुजी: ताई, दारात ते...

इसोए: दार लाव आधी. बाहेरची ओल आत येते. ये, बस. आज शेतातून उठून इकडे कसा?

तोकुजी: हे वाळेल का?

इसोए: 'बरी आहेस का' नाही, 'पाऊस कसला पडतोय' नाही. दे इकडे. एवढं काय गुंडाळलंस, तान्हं मूल असल्यासारखं? तोकुजी, ही ट्यूलिपची बोंडं आहेत.

तोकुजी: हं.

इसोए: तुझ्या शेतातली?

तोकुजी: हं.

इसोए: एक फूल खुडायचं राहिलं म्हणून मेव्हण्याला भरल्या ताटावरून उठवून शेतात पाठवणारा तू. तुझ्या शेतात बोंडं धरली?

तोकुजी: अर्धाच जेवला होता तो.

इसोए: कुणी ठेवली ही?

तोकुजी: कोबेच्या पोरीने. शूहेईच्या. रस्त्याकडेला तेवीस फुलं ठेवली तिने.

इसोए: अस्सं. आणि तुझ्या कधी लक्षात आलं?

तोकुजी: दुसऱ्या दिवशी पहाटे. पाणी बघायला गेलो, तर समोरच उभी. पानांना बांधलेली. गुलाबी रबर, निळं रबर.

इसोए: मग खुडायचीस की त्याच पावली. तुला काय, दोन मिनिटांचं काम.

तोकुजी: खुडायलाच वाकलो होतो. आधी रबर सोडवायला गेलो. तर तिने देठ आणि रबर यांच्यामध्ये पान दुमडून घातलेलं. देठाला काचू नये म्हणून. एकाला नाही, तेवीसच्या तेवीस देठांना. ताई, चाळीस वर्षं माणसं लावतोय खुडणीला. फुलं राहतात. कुणी कंटाळतं, कुणाची नजर चुकते. पण एवढ्या निगुतीने केलेली चूक मी पाहिली नव्हती.

इसोए: म्हणून ठेवलीस.

तोकुजी: हात होईना. रबरं तेवढी काढली. खिशात आहेत अजून.

इसोए: गाव काय म्हणालं?

तोकुजी: शेजारचा कामाता दोनदा स्कूटर थांबवून सांगून गेला. "तोकुजी, तुझी फुलं राहिलीत." म्हटलं, हं. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने स्वतःच हात घातला खुडायला.

इसोए: मग?

तोकुजी: ओरडलो त्याच्यावर. आता तो माझ्याकडे बघत नाही.

इसोए: तू ओरडलास? एका फुलासाठी? बाकीचे कंद तर काढून झाले असतील तुझे एव्हाना.

तोकुजी: झाले. पंधरा दिवस झाले. तेवढा तुकडा ठेवला, यंत्र वळवून नेलं. वर पाऊस सुरू झाला, तर भोवती चर खणला. प्लॅस्टिक बांधलं. कियोनो म्हणते, तुझं डोकं फिरलंय. खालचे कंद गेलेच, लसणीएवढे झालेत. पण ताई, एक सांगू? तीन पिढ्यांचं शेत आमचं, आणि पाकळ्या गळल्यावर हे झाड पुढे काय करतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मोडूनच टाकायचो ना. आता रोज सकाळी जाऊन बघायचो. आधी हिरवं, कळीसारखं. मग फुगलं. मग कडेने पिवळं पडलं. परवा टोकाला तीन ठिकाणी उकललं. आत बिया, चकत्या रचून ठेवाव्यात तशा. मी म्हातारा होत आलो आणि हे आत्ता बघतोय.

इसोए: तर एवढ्यासाठी भर पावसात आलास.

तोकुजी: शूहेई म्हणाला, तिला केसात ट्यूलिप हवंय. आणि तू नाही म्हणतेस.

इसोए: मी कुठे नाही म्हणते? ट्यूलिपच नाही म्हणतं. घे, हे एक बोंड कानाशी धर. धर रे, तुला खाणार नाही ते. आता हलव जरा. काय ऐकू येतंय?

तोकुजी: वाजतंय.

इसोए: कसं?

तोकुजी: खसखस.

इसोए: मग वाळेल. वाळेल काय, अर्धं वाळूनच आलंय. महिनाभर उलटं टांगलं की कवडीसारखं कडक होईल. आणि उमललंय कसं बघ, तीन पाकळ्यांचं फूलच. मधे ही तीन, भोवती पांढरं कागदफूल, खाली जिप्सोचा पदर. पांढऱ्या किमोनोवर असं दिसेल की कामातासुद्धा स्कूटर थांबवेल. एवढी वर्षं हे तुमच्या सरीत कुजवलंत तुम्ही लोकांनी आणि मी कागदफुलं विकत बसले.

तोकुजी: बरं. येतो मी.

इसोए: बस खाली. लग्नात तू बोलणार नाहीस म्हणे.

तोकुजी: कुणी सांगितलं?

इसोए: गाव लहान आहे.

तोकुजी: माझ्याने होत नाही, ताई. शंभर माणसांपुढे शब्द जुळत नाहीत. शंभर जाऊ दे, त्या पोरीपुढेच जुळत नाहीत. ती फोन करते. म्हणते, "बाबा, कसे आहात?" मी 'बरा आहे, तू कशी आहेस?' एवढं जुळवतो, तोवर ती पावसावर गेलेली असते. पावसाचं जुळवतो, तोवर म्हणते, "बरं, ठेवते." मग 'हं' तेवढं राहतं. धाकटा बरा बोलतो. तिच्या लग्नात नीट झालं पाहिजे सगळं. मी उभा राहून नुसता घाम पुसला, तर तिच्या कोबेच्या माणसांना काय वाटेल?

इसोए: आणि तू उभाच राहिला नाहीस, तर तिला काय वाटेल?

तोकुजी: काय वाटेल?

इसोए: बापाला सून पसंत नाही, असं.

तोकुजी: असं कसं वाटेल? चर खणला मी.

इसोए: तिला कोबेत बसून चर दिसतो का, तोकुजी?

तोकुजी: नाही.

इसोए: मग? आत्ता केवढं बोललास. जन्मात तुझ्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं मी. हेच बोल तिथे. रबराचं बोल, चराचं बोल. बस.

तोकुजी: इथे बोलता आलं. समोर कुणी नव्हतं.

इसोए: मी काय भिंत आहे?

तोकुजी: तू ताई. आणि ती पडद्याआड आहे. दारात पिवळे बूट आहेत, ताई. ते तुझ्या पायात यायचे नाहीत.

इसोए: म्हणजे आल्यापासून माहीत होतं तुला.

तोकुजी: सांगत होतो. तू दार लाव म्हणालीस. मग म्हटलं, बरंच आहे. पडद्याशी बोलायला जमतंय तर बोलून घेऊ.

इसोए: ये गं बाहेर. आणि नाक पूस आधी, माझ्या फुलांना ओल चालत नाही.

कोनात्सु: बाबा.

तोकुजी: हं.

इसोए: झालं पुन्हा सुरू.

तोकुजी: थांब, ताई. जुळवतोय. बरा आहे मी. तू कशी आहेस?

कोनात्सु: मी थांबते, बाबा. तुम्हाला हवं तेवढा वेळ घ्या. मी मध्ये बोलणार नाही.

इसोए: हे तुझ्याने व्हायचं नाही.

कोनात्सु: होईल. बाबा, लग्नात तुम्हीच बोला ना. शंभर जणांकडे बघू नका. मी तुमच्या समोरच उभी असेन, केसात हीच असतील. पाठ फिरवून उभी राहते हवं तर. यांच्याशी बोला.

तोकुजी: नवरी पाठ फिरवून उभी राहते का कधी?

कोनात्सु: डोकं वाकवेन मग. वाकवायला मी पटाईत आहे.

तोकुजी: ते पाहिलंय मी. ही घे तुझी रबरं.

कोनात्सु: सगळी जपून ठेवलीत?

तोकुजी: दोन तुटली. दोनच वाक्यं बोलेन. तिसरं धाकटा बोलेल.

इसोए: चालेल. मी कियोनोला फोन करून सांगते, नाहीतर ती विश्वास ठेवायची नाही. तिच्या लग्नात केस मीच बांधले होते. म्हणाली होती, "एवढ्या फुलांच्या घरात चाललेय आणि डोक्यात कापडी फूल." अजून टोमणा मारते ना रे?

तोकुजी: दर एप्रिलला.

इसोए: मग यातलं एक तिच्यासाठी काढून ठेवते. बघू बरं, किती आहेत.

कोनात्सु: मी मोजली, मावशी. बावीस आहेत. मी तेवीस बांधली होती.

तोकुजी: एक घरी आहे.

कोनात्सु: घरी कुठे?

तोकुजी: देव्हाऱ्यात. आजोबांपुढे.

कोनात्सु: पण बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, घरात फूल आणायचं नाही.

तोकुजी: फूल कुठे आणलं? बोंड आहे.